शिवण बाहेर

तीर्थरूप दादांस सादर प्रणाम.

मी, आपला धाकटा भाऊ, वय बाहत्तर, चौथी पास, धंद्याने शिंपी, खरे तेच लिहितो.

शिवण बाहेर दिसली की शिंप्याची अब्रू गेली, असे आपण शिकवलेत. ती अब्रू मी काल स्वहस्ते घालवली.

हिच्या स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपले. परंतु किरणांनी कातडी एवढी हळवी झाली की, आतली शिवण घासताच पुरळ उठे, खाज सुटे. दोन महिने ही दाराबाहेर पडली नव्हती. म्हणून मी धुऊन मऊ झालेल्या चादरीचा सदरा शिवला आणि सर्व शिवणी बाहेरून घेतल्या.

ही म्हणाली, "अहो, उलटा शिवलात! डोळे तपासून घ्या."

"डोळे शाबूत आहेत. घाल."

तो घालून ही थेट बाजारात गेली. तिथे इस्त्रीवाल्या बाईंसमोर न्हाव्याने हटकले, "काकू, सदरा उलटा?"

"सरळच आहे. शिंपी माझ्या घरचा आहे!"

दादा, आपण रागवाल आणि मला क्षमा मागावयाची नाही. सबब हे पत्र मी धाडणार नाही.

आपला आज्ञाधारक (हा सदरा वगळून),
धाकटा

समक्ष हजर: न्हावी, इस्त्रीवाल्या बाई, आणि दुसरा सदरा कधी शिवता म्हणून विचारणारी ही.