पाच अंशांचं ‘बघू’

बेला, जि. आदिलाबाद
१२ नोव्हेंबर २०२४

चि. दीपमालास,
कौशल्या आत्याचे अ. उ. आ.

इथे कापूस वेचणीची घाई. काल शेताच्या धुऱ्यावर, त्या अरुंद बांधावर, तुझे बाबा आणि गावातले उद्धवराव मोटारसायकलींवर समोरासमोर आले. दोघेही भिडस्त. हे जरा डावीकडे सरकले, तेही जरा त्याच अंगाला सरकले आणि शेवटी दोघे कापसात. लागलं कुणाला नाही, पण अंग झटकता झटकता सोयरिकीची गोष्ट निघाली. त्यांचा मुलगा गोपाल निर्मल शहरात शाळेत मास्तर आहे. मागे मी स्थळाचं विचारलं तेव्हा तू ‘बघू’ म्हणालीस, म्हणून त्यांना डिसेंबरात तुला पाहायला यायचं सांगून टाकलं. पोरगी जहाज चालवून राह्यली तं भाकरी कोन थापील, असं उद्धवराव विचारत होते. मी म्हटलं, गोपालले काऊन येत नाही?

तुमच्या जहाजावर धडक टाळायचा सल्ला देणारं यंत्र आलंय म्हणे. माझं ऐकत नाहीस, निदान त्याचं तरी ऐक.

लोभ आहेच, सुट्टीला येऊन वाढव.
तुझी आत्या

जहाजावरून
२० नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबा कापसात पडले हे वाचून जेवताना ठसका लागला.

परवा माझ्यावरही तीच वेळ आली. एक मालवाहू जहाज थेट आमच्या रोखाने येत होतं. अशा वेळी दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं असतं. यंत्राने सुचवलं, पाच अंश वळा, पुरे आहे. हिशेब बरोबर होता, पण मला बाबांचं ‘जरा सरकणं’ आठवलं. एवढंसं वळण समोरच्याला दिसलंच नाही तर तो भलतीकडे जायचा. मी कप्तानांना म्हटलं, तीस अंश वळू या, आणि आत्ताच. ते हो म्हणाले. समोरचाही लगेच उजवीकडे वळला आणि आम्ही ऐसपैस अंतराने गेलो. आता पहाऱ्याची एक पाळी मी एकटीने सांभाळायची, असं कप्तानांनी सांगितलंय. म्हणून सुट्टी पुढे ढकलली आहे.

आत्या, माझं ‘बघू’ हे पाच अंशांचं वळण होतं. तुला ते दिसलंच नाही. म्हणून आता लांबूनच मोठं वळण घेते: मला इतक्यात लग्न करायचं नाही. गोपालशी नाही, कुणाशीच नाही. रागावू नकोस. तुझ्याशी धडक व्हायची मला फार भीती वाटते.

लोभ आहे तसाच राहू दे, एवढीच विनंती.
तुझी दीपमाला

बेला
२८ नोव्हेंबर २०२४

चि. दीपमालास,
अ. उ. आ.

आधी राग आला, खोटं कशाला सांगू. मग उद्धवरावांच्या दारात जाऊन साफ सांगितलं, पोरगी नाही म्हणते. ते खो खो हसत सुटले. गोपालही पंधरा दिवसांपासून त्यांना ‘पाहू’ म्हणून राह्यला होता! तिथल्या तिथे फोन लावून विचारलं, तर त्याचंही नाहीच. दोघंही वेळेवर उजवीकडे वळलात म्हणायचं.

आता घरात ‘बघू’ बंद. कापूस कधी विकायचा विचारलं तर तुझे बाबा बघू म्हणाले, त्यांना चहा दिला नाही. तू पाळी नीट सांभाळ. गावभर सांगत सुटलेय मी, आमची पोरगी एकटीनं जहाज सांभाळते.

माझा लोभ सरळ तुझ्याच रोखाने येतोय. त्याला चुकवायला मात्र वळू नकोस.
तुझी आत्या