जहाजाची लांबी आणि चार रुंद दारं

प्रिय ताईस,

तुझ्या ठोकळ्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. कंबर धरली आहे, त्याचं कारण पुढे येईल.) तुझी तब्येत कशी आहे, औषधं वेळेवर घेतेस की भाऊजींची पाठ वळली की कुंडीत टाकतेस, आणि टाकत असशील तर त्या रोपाची तब्येत कशी आहे, हे सविस्तर कळव. शिवणाच्या मशीनचं चाक जड फिरत होतं, त्यात तेल घातलंस का? मागच्या खेपेला तुझ्या दोन्ही हातांच्या पेरांना चिंध्या बांधलेल्या होत्या, सुई लागली म्हणालीस, त्या जखमा भरल्या का? इथे आम्ही सगळे मजेत. नमस्कारानंतर 'वि. वि.' लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, पण माझी तुला विशेष किंवा साधी, कसलीच विनंती नाही. गेल्या खेपेला 'ताई, जरा बाहेर पडत जा' एवढंच म्हणालो तर तू महिनाभर अबोला धरलास, आणि पुन्हा हा विषय काढलास तर पत्र न फोडता परत पाठवीन अशी तंबी दिलीस. (न फोडता आत कोणता विषय आहे हे तुला कसं कळणार, हे विचारायची माझी छाती झाली नाही.) तेव्हा तू पडल्याला, चाकाची खुर्ची घरात आल्याला दोन वर्षं झाली आणि या दोन वर्षांत तू उंबरठा ओलांडलेला नाहीस, याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. फोनवर बोललो असतो, पण फोनवर मी थापा मारतो आणि पत्रात पकडला जातो असं तूच म्हणतेस. हे पत्र फक्त एका जहाजाच्या मापांबद्दल आहे.

तर झालं असं की आमच्या गोदीत प्रवाशांना फिरवून आणणारं एक नवं जहाज बांधायला घेतलंय. बांधतात ते बंद छपराखाली, आणि आतला माणूस बाहेर एक अक्षर बोलत नाही. त्या जहाजाची चारशे बारा दारं करायचं काम आमच्या कारखान्याला मिळालं. मालकांनी गुप्ततेच्या कागदावर सही केली, पण त्यांना कुणी काही सांगितलेलंच नसल्यामुळे गुप्त ठेवायचं काय, हा प्रश्न त्यांना अजून पडलेला आहे. आमच्याकडे आले ते फक्त दारांचे नकाशे. आता चारशे बारा दारं हातात दिली आणि जहाज किती मोठं ते सांगितलं नाही, तर माणूस अंदाज करणार नाही तर काय करणार? आमचा पॉलिशवाला म्हणाला, अकरा मजले. मी हिशेब मांडला. निम्मी दारं न्हाणीघरांची धरली तर खोल्या दोनशे सहा. एकेक खोली नऊ फूट रुंद, दोन्ही अंगांना ओळीनं मांडल्या तर लांबी नऊशे सत्तावीस फूट. त्याला पॉलिशवाल्याच्या अकरा मजल्यांनी भागलं तर जहाज भरतं चौऱ्याऐंशी फूट लांब. म्हणजे कपाट उभं करून पाण्यात सोडल्यासारखं. हे मी त्याला फळीवर गणित मांडून दाखवलं, तर तो दोन दिवस माझ्याशी बोलेना. (घरोघरी हीच तऱ्हा.) मालकांचं म्हणणं पडलं दोनशे फूट, फार तर. कारण काय, तर खरंच मोठं जहाज असतं तर दारं आपल्याकडे कशाला आली असती? त्यांचा स्वतःवर एवढाच विश्वास आहे, म्हणून तर मी तिथे टिकून आहे. माझा आकडा सहाशे अठरा. तीन मजले धरले, आणि वर स्वयंपाकघर, जेवणघर, इंजिन यांसाठी तेवढीच जागा पुन्हा. पैज लागली. ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकेल त्यानं महिनाभर कारखान्यातला भुसा झाडायचा.

तू म्हणशील, ठोकळ्या, या वयात तुला हे उद्योग सुचतात कसे. सुचतात. मागच्या रविवारी मी गोदीच्या भिंतीला लागून चालत गेलो, पावलं मोजत. माझं पाऊल अडीच फुटांचं आहे, ते घरी फरशीवर मोजून घेतलं होतं. दोनशे चौदाव्या पावलाला आपले जुने पोस्टमन भेटले आणि 'ताई कशी आहे' म्हणून विचारायला लागले. ठणठणीत आहे म्हणालो. (दुसरं काहीही बोललो नाही. विषय काढला नाही.) तेवढ्यात आकडा विसरलो, परत पहिल्यापासून सुरुवात. दुसऱ्या फेरीला पहारेकऱ्यानं हटकलं. मला ऐन वेळी खोटं सुचत नाही हे तुला ठाऊक आहे, सगळं सांगून टाकलं. तर तो बिचारा म्हणाला, वर्षभर जहाजाची राखण करतोय पण पाहिलेलं नाही, तोंड रस्त्याकडे करून उभं राहायचं असतं. त्याचा स्वतःचाही एक अंदाज होता. मग त्यानंच माझ्या टेपचं एक टोक धरलं, दुसरं मी, आणि काटेरी झुडपांतून रांगत रांगत आम्ही सबंध भिंत मोजली. सहाशे अकरा फूट. कंबर गेली ती तिथे, पण मी कारखान्यात असा आलो की जणू जहाज मीच बांधलंय. मालकांनी खराटा शोधायला सुद्धा घेतला. दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्याचा निरोप आला की चौकशी केली, त्या भिंतीपलीकडे कँटीन आणि भांडारघर आहे. जहाज दुसऱ्या अंगाला. म्हणजे दोन जाणत्या माणसांनी पाऊण दिवस घालवून लोक जेवतात ती जागा मोजली होती.

आता दारांकडे येतो. चारशे आठ दारं एका मापाची, चोवीस इंची, अरुंद. जहाजात जागा जपून वापरतात, ते पटलं. पण चार दारं निघाली छत्तीस इंची. झालं, कारखान्यात चार दिवस दुसरा विषय नाही. पॉलिशवाला म्हणाला, लठ्ठ प्रवाशांसाठी. मग न्हाव्याला गोष्ट कळली (त्याला कुणी सांगितली हे मी सांगत नाही, मी फक्त केस कापायला गेलो होतो) आणि तो म्हणाला, कप्तानाच्या बायकोचं सामान जात नसेल. मालकांच्या मते वाद्यं. मी म्हणालो, तुम्ही सगळे खुळे आहात, ही सरळसरळ नकाशावाल्याची चूक आहे. खात्री करायला मी कारखान्याच्या फरशीवर खडूनं अख्खी खोली आखली, पलंग, मोरी, खिडकी सगळं खऱ्या मापाचं. पॉलिशवाला लगेच त्या पलंगावर दुपारचा आडवा झाला आणि आता खोलीत शिरताना दार वाजवा म्हणतो. छत्तीस इंची दारानं खोलीचा तोल पार बिघडत होता. तेव्हा मी गोदीतल्या नकाशेवाल्या बाईंना कारखान्याच्या कागदावर पत्र लिहिलं की, चाळीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, आपल्याकडून चार दारांत बारा-बारा इंचांची चूक झाली आहे, घाबरू नये, आम्ही ती सुधारून देऊ. (घाबरू नये! आता आठवलं की कानशिलं तापतात.)

बाईंचं उत्तर काल आलं. फार सभ्य बाई. चूक नाही म्हणाल्या. त्या चार खोल्या चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या माणसांसाठी आहेत. खुर्ची एका चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या चाकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजायची असते, आणि शिवाय दोन्ही बाजूंना मुठींना जागा ठेवायची असते, कारण जो माणूस स्वतःची चाकं स्वतः फिरवतो त्याची बोटांची पेरं चौकटीला आधी सोलतात. शेवटी लिहिलं होतं की लांबी सांगता येत नाही, पण कँटीनपेक्षा जास्त आहे. (म्हणजे पहारेकऱ्यानं तोंड उघडलंय.) सगळे हसले. मी हसलो नाही. मी त्या खडूच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसलो, आणि पॉलिशवाल्यानं पहिल्यांदाच दार न वाजवता आत येऊन मला पाणी दिलं.

असो. जहाजाबद्दल एवढंच. भाऊजींना नमस्कार. जास्त काय लिहू.

तुझा,
ठोकळ्या

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. ताई, सुई बोटांच्या टोकांना लागते, पेरांच्या पाठीला लागत नाही. आणि तुझ्या दाराच्या चौकटीवर दोन्ही अंगांना, जमिनीपासून वीतभर वर, खरचटल्याच्या खुणा होत्या. त्यांवर तपकिरी बूटपॉलिश फासलेलं होतं. मला वाटलं भाऊजींनी कपाट ओढलं असेल. चाळीस वर्षं लाकडात घालवलेला माणूस मी, आणि मला लाकूड वाचता आलं नाही. तुला बाहेर पडायचं नाही असं नाहीच. तू पडून बघितलंस, एकदा नाही, पुष्कळदा. खुर्ची सव्वीस इंच आहे आणि माझं दार चोवीस. उचलून न्यायला तू काही गाठोडं नाहीस, हेही खरं. पण 'तुझं दार अरुंद आहे' एवढं मला सांगण्याऐवजी तू दोन वर्षं 'मला इच्छाच नाही' म्हणत राहिलीस, आणि वर माझ्यावरच रागावलीस. मला फार वाईट वाटलं, ताई. काल जेवण गेलं नाही.

ता. क. २. आणखी एक गोष्ट मला कळली आहे. तुमचं घर झालं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि ते माझं पहिलं दार. भिंतीतली जागा छत्तीस इंच होती. चौकटीची जाडी वजा करून दार तीस इंच यायला हवं होतं. मी ती जाडी दोनदा वजा केली. दार घेऊन आलो तेव्हा तू म्हणालीस, दार अगदी बरोबर आहे, गवंड्यानंच भिंत वाकडी बांधली, आणि गवंड्याला बोलावून दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंच भिंत आत घ्यायला लावलीस. दाराला भिंत जुळवून घेतलीस. तो बिचारा गवंडी चाळीस वर्षं माझी फुकट बोलणी खातोय. मला वाटायचं तुमचं कपाटच बेढब होतं म्हणून खिडकीतून चढवावं लागलं.

ता. क. ३. वर लिहिलं होतं की विनंती नाही. आहे. त्या दाराला मला हात लावू दे. तू त्याला कुणाला रंग सुद्धा देऊ देत नाहीस हे ठाऊक आहे, म्हणून विचारतो. मी येत्या शनिवारी सकाळी येतो, गवंड्याला घेऊन. ती तीन-तीन इंच भिंत काढतो, उंबरठा काढतो, पायरीवर उतरती फळी बसवतो. तीस इंच मिळतील, म्हणजे मुठींना दोन्हीकडे दोन-दोन. नवं दार तयार आहे. जुनं फेकणार नाही, त्याचं तुझ्या मशीनसाठी टेबल करतो. नाही म्हणालीस तरी शनिवारी येणारच आहे, पण हो म्हणालीस तर करवत लपवून आणावी लागणार नाही.

ता. क. ४. पुढच्या महिन्यात जहाज छपराखालून बाहेर काढणार आहेत. दारं करणाऱ्यांना धक्क्यावर उभं राहून बघायची परवानगी आहे, घरचं एक माणूस आणलं तरी चालतं. आमच्या पैजेला पंच हवाय. लांबी तेव्हाही कुणी सांगणार नाही, आणि तू रस्त्यापलीकडच्या माणसाकडे नुसतं बघून त्याच्या कंबरेचं माप सांगतेस, ते आजवर अर्ध्या इंचानं चुकलेलं नाही. सगळ्यांनी तुझं नाव मान्य केलंय, मालकांनी सुद्धा. फक्त एकदाच तू चुकलीस, एका दाराकडे बघून बरोबर आहे म्हणालीस. ते मी पंचांच्या पात्रतेत धरलेलं नाही.

ता. क. ५. यातलं काहीही भाऊजींनी मला सांगितलेलं नाही. काल ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि तिथून चौदा मिनिटं फोनवर बोलले, ते हवापाण्याबद्दल. त्यांना बोलू नकोस. चाळीस वर्षं तो माणूस त्या दारातून एक खांदा पुढे करून तिरका आत-बाहेर करतोय, आणि माझ्यासमोर कधी अवाक्षर काढलं नाही. शनिवारी आधी तू बाहेर जा, आणि मग त्यांना सरळ चालत तुझ्यामागून येऊ दे.