एकोणीस एक

१२ ऑगस्ट, मंगळवार
कॉलेजातून येते तर संग्रामभावोजी दारात. धाकटे दीर, तालमीचे अध्यक्ष. गणपतीच्या कमानीवरच्या फ्लेक्ससाठी संख्या पाहिजे. "वहिनी, कशानं बी भाग जाणार न्हाय असली द्या. मोठी. आन आकडे सगळे सारखे, आमच्यात लहानमोठा कोण न्हाय!" तालीम फुटायला आलीय, तालमीतलाच रणजित वेगळं मंडळ काढतोय. भावोजी कुणाला विचारून काही करत नाहीत, ही त्याची तक्रार. सलग एकोणीस एक लिहून दिले. मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून कशानंही भाग जात नाही. वर्गात एवढं मन लावून कुणी ऐकत नाही.

१७, रविवार
फ्लेक्स लागला. 'आम्ही फुटणार न्हाय', त्याखाली संख्या, त्याखाली माझं नाव. पदवीसकट! लाज वाटली. बरंही वाटलं.

१८, सोमवार
जाताना फ्लेक्सवरचे एक सहज मोजले. सतरा. पुन्हा मोजले, सतराच. कॉम्प्युटरवर घातली तर २०७१७२३ गुणिले ५३६३२२२३५७. सरळ दोन तुकडे.
भावोजींना फोन. "फ्लेक्सात बसंना, दोन काढायला लावले. सगळे एकच तर हायत की! कोण मोजतंय?"
मला विचारायचं तरी, म्हटलं.
"त्यात काय इचारायचं?"
उतरवायला तयार नाहीत, रणजित हसेल म्हणे. रागानं फोन आपटला.

१९, मंगळवार
रणजितची मुलगी माझ्याच वर्गात. फ्लेक्सचा फोटो घेऊन आली. मॅडम, ही मूळ आहे हे सिद्ध कसं करायचं? बघू, म्हटलं. शिक्षक म्हणवते स्वतःला. जेवण गेलं नाही.

२१, गुरुवार
रणजित आला. दारातूनच, "वहिनी, पोरीनं फोडली की तुमची संख्या!" हसत होता. मी कागदावर एकोणीस एक मांडले. आता फोड म्हटलं. त्यानं बोट ठेवून मोजले, मग मोबाइलमधल्या फोटोतले.
"म्हंजे दोन गेले म्हणून फुटली?"
हो, म्हटलं. वाटलं, जिंकले. रणजित राहणार.
तर हळूच, "मग ते दोन काढले कुणी? कुणाला इचारून?"
मी कागदाची घडी घातली.
"परवा तालमीच्या बैठकीत समद्यांसमोर इचारतो."
भावोजींचं नाव घेतलं तर घरात तोंड दाखवायची सोय नाही. नाही घेतलं तर चूक माझी, आणि रणजितला खरं कळलंच आहे बहुतेक. भीती वाटते.
आत्ता भावोजींचा फोन. "वहिनी, परवा पयलं तुम्हीच बोला. संख्येवर."