गाजरं सरळ रांगेत आली नव्हती

प्रिय चिमणे,

अक्षर बघून हसू नकोस. कोंबडी नाचून गेलीय असं तुझी आई म्हणेल, म्हणू दे. पत्र मीच लिहितोय, आणि चार दिवस लिहितोय.

तू सात वर्षांची होतीस. सुट्टी संपवून जाताना माझ्या हातात एक गुंडाळी ठेवलीस. टिश्यू पेपरच्या वीतभर रुंद, लांबलचक पट्टीवर कणकेच्या खळीने गाजराचं बी चिकटवलेलं. पट्टी वाफ्यात पसरायची, वर थोडी माती भुरभुरायची, पाणी द्यायचं की झालं, असं कमरेवर हात ठेवून समजावलंस. ते बारीक बी माझ्या बोटांतून ढिगाने सांडतं, हे तू पाहिलं होतंस. मला मात्र राग आला. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं उघडून केसाएवढे स्क्रू बसवले, आणि आता दुधाचे दात पडणारी पोर मला पेरायला शिकवणार! तोंडावर शाबास म्हणालो आणि तुझी पाठ वळताच गुंडाळी न उघडता अवजारांच्या खणात टाकली.

बी हातानेच पेरलं. एका जागी झुबका उगवला, पुढे चार हात काहीच नाही. तुझा फोन आला तेव्हा म्हणालो, "तुझीच पट्टी पेरली बरं का. फूटपट्टी लावावी तशी सरळ रांगेत आली गाजरं."

"सरळ रांगेत?" एवढंच विचारलंस आणि फोन आईकडे दिलास. मला वाटलं, पोरांचं लक्ष, गेलं असेल दुसरीकडे. त्यानंतर तू बागेचं नाव काढलं नाहीस, सुट्टीत येणंही थांबलं. तीन वर्षं मी तुझ्या आईवरच खापर फोडत होतो.

गेल्या महिन्यात भिंग शोधताना ती गुंडाळी सापडली. टेबलावर उलगडली, तर बी रांगेत नव्हतंच. दाणा दाणा चिकटवून काढलेली वाकडी अक्षरं. आबा. पुन्हा आबा. शेवटी जागा संपली म्हणून नुसताच आ. फार लाज वाटली गं मला.

पट्टी पेरली. इतकं जुनं बी, किती उगवणार? एका आबाचा काना आला, दुसऱ्याचं अर्धं पोट, आणि शेवटचा आ जवळजवळ अख्खा. मोकळ्या जागी नवं बी टाकून अक्षरं पुरी करावीत असं मनात आलं होतं. पण एक लबाडी केली तेवढी पुरे झाली.

आता पत्राचं कारण. माझे हात थरथरतात, चिमणे. शर्टाची बटणंही लागत नाहीत. हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही, तुला पहिल्यांदा सांगतोय, कारण तुला ते तेव्हाच दिसलं होतं. सुट्टीत यायचं की नाही ते तू ठरव. आलीस तर कणीक घरात आहे, खळ इथेच करू. नाही आलीस तर एक पट्टी टपालाने पाठव. मी पेरीन, आणि जसं उगवेल तसंच सांगेन.

तुझाच,
आबा