विलासचा उजवा हात

गुरुवार, संध्याकाळ

आज स्टुडिओत विलासची गिटार रेकॉर्ड केली, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. फंक रॉकमध्ये गिटारचा आवाज स्वच्छ ठेवावा लागतो. सूर थोडे, तारा हलक्या दाबून मारलेले कोरडे फटके जास्त. गाणं चालतं ते त्या फटक्यांवर. विलासचे फटके म्हणजे आमच्या बाबांचा हातमाग, कधी चुकले नाहीत. आज एखादा उशिरा पडत होता, एखादा पडतच नव्हता.

"आवाज थोडा फाडून दे ना गा," तो म्हणाला.

"फाडाले हे काय लुगडं आहे?" मी हसलो. पण घरघरत्या, फाटक्या आवाजात चुका झाकल्या जातात, हे दोघांनाही ठाऊक.

त्याची बायको सुषमावहिनी कधीची मागे लागली आहे, "भाऊजी, यांचा हात थरथरून राहिला, तुमचं ऐकतील." तिनं उद्याची डॉक्टरची वेळही घेतली होती. आणि मी काय केलं? सवयीनं त्याच्या वाजवण्यातली एक बरी ओळ शोधली अन् कॉम्प्युटरवर गाणंभर चिकटवली. सगळ्यांचंच करतो तसं.

विलासनं ऐकलं. "पाह्य लेका, मस्त चालून राहिला हात! डॉक्टरले काहून दाखवू?" तिथूनच फोन करून उद्याची वेळ रद्द केली.

ओळ चिकटवलेली आहे हे मी सांगितलं नाही. काहून नाही?

मूळ रेकॉर्डिंग आहे अजून. ते कोरडे फटके, जसे पडले तसे. सकाळी त्याच्या घरी जाऊन त्याला तेच ऐकवायचं. समजावायची गरज नाही, त्याचे कान माझ्याहून तयार आहेत. दोन ओळींतच त्याला कळेल. तेव्हा त्याच्या तोंडाकडे कसं पाहू?