मामाच्या घरची सुट्टी

गोपालदादा,

आपली ताई वारल्यापासून तिच्या जुईलीले मी अमरावतीत वाढवलं. उन्हाळ्यात तू न्यायले आला, तवा तिची बॅग मीच भरली. भाची मामाच्या घरी चालली, त्याच्यात काय विचारायचं?

आज अकोल्याच्या कोर्टाची नोटीस आली. तू तिले दत्तक मागून राहिला, अन् पोरगी अकोल्यालेच राहते असं तू कोर्टाले सांगतलं. वकील म्हणे, मूल राहते तिथंच केस चालते. म्हणजे सुट्टीलेच तू तिचं राहणं करून टाकलं. केस अमरावतीले आणायचा अर्ज मी टाकला. तुले काही लिहायचं नाही असं वकिलानं बजावलं, म्हणून हे पत्र माह्याजवळच राहीन.

इथली शाळा उघडली. काल फोनवर जुईलीनं विचारलं, "मावशी, माही सुट्टी कवा संपते?"

तिची मावशी,
शकुन