मागच्या सीटखालचा आवाज

२ फेब्रुवारी, रविवार
ही डायरी सूनबाईने बीपीच्या गोळ्या लिहायला दिली. गोळ्यांचं काय लिहायचं, खाल्ल्या की खाल्ल्या. मी दुसरंच लिहिणार. कुणी वाचायचं नाही.
तेजश्रीला नववा लागलाय. मी आजी होणार. दूधवाल्याला दोनदा सांगून झालं, तिसऱ्यांदा तोच म्हणाला, काकू, आजी होणार ना तुम्ही.
काळजी एकच, गाडीची. तशी मी भित्री नाही. पण इंद्रजितच्या वेळी जीप खंबाटकी घाटात बंद पडली आणि हा पोरगा रस्त्याकडेला, दोन लुगड्यांच्या आडोशाला झाला. इथे करंजाड्यात ऐन वेळी रिक्षा मिळत नाही आणि दवाखाना खारघरला. म्हणून आज बंदोबस्त केला. गावच्या भैरोबाचे तांब्याचे दोन पत्रे आणले होते, एक गाडीला, एक बाळाला. गाडीचा पत्रा चावीच्या डोक्याला गुंडाळला, वरून मखमलीचं कव्हर शिवलं. दिराच्या ट्रॅक्टरच्या चावीला असाच आहे, तो कधी अडला नाही. इंद्रजितला नुसतं कव्हर दाखवलं. पत्रा म्हटलं की हसतो.

३ फेब्रुवारी, सोमवार
गाडी सुरू झाली आणि लगेच मेली. परत सुरू, परत मेली. इंद्रजित ऑफिसला बसने गेला.
मला आधीच कळलं होतं. पत्रा बांधला म्हणून बिल्डिंगखालीच निभावलं. हायवेवर झालं असतं तर?
भीती वाटली नाही. हात तेवढे गार पडले.

४ फेब्रुवारी
नंदकिशोर मेकॅनिक घरी आला. त्याचे हात ऑइलने काळेकुट्ट. देवाची वस्तू बाटायला नको म्हणून मी पत्र्यासकट कव्हर काढून नुसती चावी दिली. गाडी एका झटक्यात चालू. इंद्रजितचं तोंड बघण्यासारखं झालं. नंदकिशोर म्हणाला, सुरू होऊन मरते म्हणता, म्हणजे फ्युएल पंपाची शंका. हा पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडून बसतो आणि इंजिनला पेट्रोल ढकलतो. चावी अर्धी फिरवली की मागच्या सीटखालून बारीक घूंऽ ऐकू येतं. ते आलं नाही की समजायचं.
हे काम मी घेतलं. माझा कान चांगला आहे. म्हैस आजारी पडायच्या आधी मला तिच्या रवंथावरून कळायचं.
तो गेल्यावर कव्हर परत घातलं.

६ फेब्रुवारी
रोज सकाळी मागच्या सीटला कान लावते. इंद्रजित चावी फिरवतो. आज घूं आलं, पण कण्हल्यासारखं. गाडी सुरू होऊन मेलीच. समोर काचेखाली लाल रंगाचं चावीचं चित्र लुकलुकत होतं. निरांजनासारखं. तेवढंच शुभ वाटलं.
समोरच्या प्रेमलाताईंनी मला सीटवर पालथी पडलेली पाहिलं. विचारलं, बरं वाटत नाही का. म्हटलं, मला नाही, पंपाला.

९ फेब्रुवारी, रविवार
आज गाडी चालू झाली. पत्र्याचा गुण. पनवेलला भाजी आणायला गेलो, येताना मार्केटबाहेर अडली. तेजश्री मागे, पोटावर हात ठेवून. मला खंबाटकी दिसायला लागली. इंद्रजितने खूप वेळा चावी फिरवली तेव्हा कुठे लागली.
घरी आल्यावर पत्रा सोडून चांगला आवळून बांधला. दोन वेढे बसले. आता बघू.

१० फेब्रुवारी
अजिबात नाही.

११ फेब्रुवारी
नंदकिशोर परत. कव्हर काढून चावी दिली. परत एका झटक्यात चालू. गॅरेजला नेऊन प्रेशर मोजलं, एकदम बरोबर. इंद्रजितला म्हणाला, साहेब, मला तर ही गाडी बंद पडलेली बघायलाच मिळत नाही. इंद्रजित म्हणाला, मग तू आमच्याकडेच राहायला ये.
माझं मत मी सांगितलं. टाकी कायम रिकामी ठेवता, पंप उपाशी राहतो. नंदकिशोर म्हणाला, आजीचं खरं आहे, कमी पेट्रोलमध्ये पंप तापतो. ऐकलं का. इंद्रजितने टाकी फुल केली. घरी आल्यावर मी कव्हर परत चढवलं.

१२ फेब्रुवारी
फुल टाकीनेही नाही.
तेजश्रीचे पाय सुजलेत. रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवला म्हणते. मी म्हटलं, माझं नातवंड रिक्षातून जाणार नाही. आपली गाडी असताना. ती म्हणाली, आई, गाडी आहे कुठे.
जेवण गेलं नाही. भीती नाही, ॲसिडिटी.

१५ फेब्रुवारी
इंद्रजितने सरळ नवा पंप बसवून घेतला. चावी गॅरेजला जाणार म्हणून कव्हर मी आधीच काढून ठेवलं होतं. गॅरेजपासून घरापर्यंत गाडी लोण्यासारखी आली. पंपाचा आवाज ऐकला, भरल्या पोटाचा.
आता नव्या पंपाला एक पत्रा कसा पुरणार. मी बाळाचा पत्राही चावीला गुंडाळला. कव्हर उसवून मोठं केलं. बाळाचं नंतर बघता येईल, आधी बाळ दवाखान्यात पोचलं पाहिजे. आज निवांत झोपणार.

१७ फेब्रुवारी, सोमवार. दवाखान्यातून
सकाळी भाकऱ्या करताना तेजश्रीला कळा सुरू झाल्या. खाली गेलो. इंद्रजितने चावी फिरवली. नाही. परत. नाही. ते लाल चित्र लुकलुकतंय. मी मागच्या सीटला कान लावला, तर तिथं तेजश्री बसलेली, ती ओरडली, आई, पंप नाही, माझी कंबर आहे ती. भैरोबाला काय काय कबूल केलं आठवत नाही. रिक्षावाल्याचा फोन लागेना. आता लिहायला हरकत नाही, मी घाबरले होते. पहिल्या दिवसापासून.
मग तेजश्रीने पर्समधून दुसरी चावी काढली. साधी, बिनकव्हरची. म्हणाली, अहो, ही लावून बघा.
एका झटक्यात.
रस्ताभर मी मखमल मुठीत धरून बसले.
दुपारी नात झाली. दोघी ठणठणीत. नाक माझं आहे.

१८ फेब्रुवारी
इंद्रजितने ब्लेडने कव्हर उसवलं. दोन पत्रे निघाले. नंदकिशोरला फोन लावला. तो म्हणाला, चावीत चिप असते, ती गाडीला ओळख पटवते, तांब्याआड पटणार कशी. चोर समजून गाडी बंद होत होती. ट्रॅक्टरच्या चावीत तसलं काही नसतं.
इंद्रजितने जुना पंप पिशवीत घालून आणला आणि माझ्या उशाशी ठेवला. म्हणाला, आई, हा बघ, धडधाकट आहे.
म्हणजे पत्र्याने चोराला अडवलं असतं, हा गुण कुणी बघत नाही.
बाळाचा पत्रा घासून ठेवला. पाळण्याला बांधू का, असं तेजश्रीला भीतभीतच विचारलं. ती म्हणाली, बांधा आई. पाळण्याला पंप नाही.